डोळ्यात चुना गेला तर तूप नाही, पाणी! 'सात रामबाण उपाय'वाल्या मेसेजला उत्तर

"डोळ्याला मार लागला? घाबरू नका, घरच्या घरी करा हे सात रामबाण उपाय" असा एक मेसेज सध्या फिरतोय, तुमच्याही ग्रुपवर आला असेल. आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीने टाकला, काकांनी खाली 'उपयुक्त माहिती' म्हणून हात जोडले आणि दोन वहिन्यांनी लगेच आपापल्या माहेरच्या ग्रुपवर पाठवला. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून काम करते, रोज डोळेच तपासते. त्याच आठवड्यात ओपीडीत एक आजी नातवाला कडेवर घेऊन आल्या. पोराच्या डोळ्यात तंबाखूचा चुना उडालेला आणि आजींनी त्यावर चमचाभर साजूक तूप घातलेलं. पाण्याने का नाही धुतलंत विचारलं तर म्हणाल्या, "मोबाईलवर आलं होतं ना बाई, पाणी लावू नका म्हणून." त्यामुळे आता ग्रुपवर दोन ओळी लिहून भागणार नाही, सगळंच लिहिते.

मेसेजमध्ये काय आहे ते आधी थोडक्यात सांगते. एक, चुना किंवा ॲसिड डोळ्यात गेलं तर पाणी लावू नका, चुन्याला पाणी लागलं की उकळी फुटते, तूप किंवा खोबरेल सोडा. दोन, काही घुसलं असेल तर रुमालाच्या टोकाने किंवा चिमट्याने काढा, लोखंड असेल तर लोहचुंबक फिरवा. तीन, मार लागला तर बर्फ दाबून धरा आणि घट्ट पट्टी बांधा. चार, दिसतंय आणि दुखत नाही म्हणजे डोळा सुरक्षित आहे, आणि पतौडी एका डोळ्यावर भारताचे कॅप्टन झाले हे लक्षात ठेवा. पाच, लाल झाला तर काही करू नका, आपोआप जातो. सहा, आईचं दूध, मध, गुलाबपाणी यापैकी काहीही घाला. सात, दोन-तीन दिवस वाट बघा, तोवर मेडिकलमधून लाली घालवायचे थेंब आणा. खाली सही 'एक अनुभवी नेत्रतज्ज्ञ', नाव गाव काही नाही.

आता चुन्याचं बघू, कारण ह्या एका मुद्द्याने पोरांचे डोळे जातात आणि ते जायला दिवस लागत नाहीत, मिनिटं पुरतात. चुना अल्कली आहे, म्हणजे ॲसिडच्या विरुद्ध गुणाचा, पण तसाच भाजणारा पदार्थ. ॲसिड डोळ्यात गेलं तर वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि त्या गोठलेल्या थरामुळे ॲसिड निदान काही अंशी तिथेच अडतं (म्हणजे ॲसिड बरं असं नाही, तेही भयंकरच). अल्कली मात्र अडत नाही. पेशींच्या आवरणात चरबी असते, तिचा तो अक्षरशः साबण करतो आणि आत आत शिरतो, कॉर्नियातून म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थरातून पुढच्या पोकळीत, तिथून पार नैसर्गिक लेन्सपर्यंत. हे थांबवायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे पाणी, भरपूर पाणी, लगेच, जिथे असाल तिथे. दवाखान्यात जाऊन धुऊ म्हणून रिक्षा शोधण्यात जी पंधरा-वीस मिनिटं जातात तीच सगळ्यात महागाची.

मेसेजमध्ये चुन्याबद्दल एक अर्धसत्य आहे आणि लोक त्यालाच फसतात. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो तापतो आणि फसफसतो, हे खरं आहे. पूर्वी घराला चुना द्यायचे तेव्हा पिंपात भिजवलेला चुना ज्यांनी पाहिलाय त्यांना हे माहीत आहे. पण पानाला, तंबाखूला लावायचा चुना आधीच भिजवून विरलेला असतो, त्याची काय उष्णता निघायची ती केव्हाच निघून गेलेली असते, त्यावर पाणी ओतलं तर उकळी फुटत नाही. आणि समजा बांधकामावरचा कोरडा कळीचा चुना उडाला, तरी डोळ्यात अश्रू आहेतच ना, ओल तिथे आधीपासून आहे. थोडक्या ओलीने चुना तापतो, धो धो पाण्याने उष्णताही जाते आणि चुनाही जातो. कोरडी पूड असेल तर आधी कपाळ, पापण्या कोरड्या फडक्याने झटकायच्या आणि लगेच नळाखाली धरायचं, एवढाच काय तो फरक. तुपाने चुन्याचे कण विरघळत नाहीत की वाहून जात नाहीत, उलट तुपात लडबडून पापणीखाली चिकटून बसतात.

त्या आजींच्या नातवाचं मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहिते. पापण्या तुपाने इतक्या बुळबुळीत झाल्या होत्या की बोटात धरता येईनात, गॉजचा तुकडा घेऊन धराव्या लागल्या. वरची पापणी उलटवली तर आतल्या घडीत पांढऱ्या कणांची ओळ चिकटलेली. सलाईनची बाटली लावून नळीने धार सोडली, पोरगं किंचाळतंय, आजी रडतायत, सिस्टरनी डोकं धरलंय. ओल्या कापसाच्या काडीने कण पुसून काढायचे आणि परत धार. लिटमसची पट्टी पापणीच्या कडेला लावली की निळी. पुन्हा धुतलं, रंग ठीक आला, थोडा वेळ थांबून परत लावली तर परत निळी, म्हणजे कुठेतरी अजून कण आहे आणि तो अजून चुना सोडतोय. असं करत करत शेवटी पट्टी शांत झाली आणि मग पोराला कॉर्नियाच्या डॉक्टरांकडे जिल्ह्याला पाठवलं. घरच्या नळाखाली पहिल्याच मिनिटाला धुतलं असतं तर यातलं निम्मं तरी टळलं असतं.

धुवायचं कसं तेही सांगते, कारण बरेच जण दोन ओंजळी तोंडावर मारतात आणि धुतलं म्हणतात. ज्या डोळ्यात गेलंय तो डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं कलतं करायचं, म्हणजे घाण पाणी चांगल्या डोळ्यात जात नाही. पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या, माणूस आपणहून उघडणार नाही कारण आग असह्य असते. नाकाच्या बाजूने कानाकडे अशी तांब्याने किंवा नळाची बारीक धार सोडायची आणि त्याला वर, खाली, दोन्ही बाजूंना बघायला सांगायचं. किमान अर्धा तास. उकळून गार केलेलं पाणी शोधत बसू नका, टाकीचं, हंड्याचं, बाटलीतलं, जे हाताशी स्वच्छ पाणी असेल ते. कॉन्टॅक्ट लेन्स असेल आणि सहज निघाली तर काढा. लिंबूपाणी किंवा व्हिनेगर घालून चुना 'मारायचा' प्रयत्न कोणीही करू नका. दवाखान्यात जाताना गाडीतही बाटलीने पाणी सोडत राहा आणि ती पुडी किंवा डबा सोबत घ्या.

आता ओळखायचं कसं. लोक मला सांगतात, "डोळा लाल नाही, पांढराच आहे, म्हणजे फार नसेल." चुन्याच्या बाबतीत हे नेमकं उलटं आहे. बुबुळाच्या कडेला, जिथे काळं संपून पांढरं सुरू होतं, तिथे कॉर्नियाला नवीन पेशी पुरवणाऱ्या मूळ पेशी असतात. भाजणं खोल असेल तर तिथल्या रक्तवाहिन्याच मरतात आणि डोळा निपचित पांढरा दिसतो. डॉक्टर बुबुळाला घड्याळाची तबकडी मानून ही पांढरी कड किती तासांएवढी पसरलीय ते मोजतात आणि त्यावरून नजर किती वाचेल याचा अंदाज बांधतात. लाल, चिडलेला डोळा म्हणजे निदान रक्त पोचतंय. चुना गेल्यावर डोळा पांढराफटक आणि बुबुळ धुरकट दिसत असेल तर सगळ्यात जास्त घाई तिथे करायची आहे.

चुन्याची ती प्लास्टिकची पुडी, टोकाशी निमुळती, मुलांच्या हातात खेळणं म्हणून जाते. दाबली की फुटते आणि थेट तोंडावर, डोळ्यात. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी ह्या पुड्यांबद्दलचा इशारा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली छापलाय, आणि आपल्याकडे आजही तंबाखू मळणारे आजोबा ती पुडी उशाशी ठेवतात. सिमेंटमध्येही अल्कलीच असते, त्यामुळे गवंडी, मजूर यांनाही हेच लागू. आणि २०२५ च्या दिवाळीत भोपाळ, विदिशा भागात कार्बाइड गनने शंभराहून जास्त मुलं जखमी झाली, कितीतरी जणांच्या डोळ्यांना इजा झाली, ते आठवतं का? पाइपात कॅल्शियम कार्बाइड टाकून पाणी घातलं की ॲसिटिलीन वायू निघतो आणि मागे उरतो तो चुनाच. म्हणजे त्या बंदुकीत पोरगं डोळा लावून बघत असेल तर स्फोटाचा मार, भाजणं आणि चुना, तिन्ही एकदम. तिथे तूप घातलं तर काय होईल ते आता वेगळं सांगायला नको.

तिसरा मुद्दा बर्फ दाबून धरण्याचा आणि घट्ट पट्टीचा. हा दुसऱ्या नंबरचा घातक मुद्दा. डोळ्याचा गोळा फाटलेला असू शकतो आणि बाहेरून ते कळेलच असं नाही. विटी लागली, काठी लागली, बैलाचं शिंग लागलं, लाकूड फोडताना ढलपी उडाली, रॉकेट फुटलं, अशा वेळी डोळ्यावर दाब दिला तर आतला जेलीसारखा भाग, पडदा (रेटिना), जे काही आहे ते त्या फटीतून बाहेर यायला लागतं. एकदा बाहेर आलेलं परत आत घालून पहिल्यासारखं होत नाही. क्रिकेट बघणाऱ्यांना दक्षिण आफ्रिकेचा विकेटकीपर मार्क बाउचर आठवत असेल, २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये टॉन्टनला स्टंपवरची बेल उडून त्याच्या डोळ्याला लागली, डोळ्याचा पांढरा भाग फाटला आणि करिअर तिथेच संपलं. एवढीशी लाकडी बेल.

गोळा फाटलाय अशी शंका कधी घ्यायची? बाहुली गोल न दिसता एका बाजूला ओढल्यासारखी, टोकदार दिसते, आणि ते टोक बहुतेक वेळा जखमेकडेच असतं. पांढऱ्या भागावर किंवा बुबुळाच्या कडेला काळपट तपकिरी असं काहीतरी बाहेर आलेलं दिसतं, लोकांना तो कचरा वाटतो आणि ते पुसायला जातात. तो डोळ्याच्या आतलाच भाग असतो, त्याला हात लावायचा नाही. पांढऱ्या भागावर चारही बाजूंनी रक्त साकळून तो फुगीर झालेला. मार लागल्यावर कोमट चिकट पाणी येतंय आणि नजर एकदम कमी झालीय. यातलं एक जरी दिसलं तरी बाकी तपासणी तिथेच थांबवायची. सुजलेली पापणी जबरदस्तीने उघडून बघायची नाही, डोळा धुवायचा नाही (धुणं हे केमिकल गेलं तर), थेंब नाही, मलम नाही. चहाच्या कागदी कपाचं बूड कापून ते डोळ्यावर असं ठेवायचं की कड कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल, डोळ्याला कुठेही स्पर्श नाही, आणि चिकटपट्टी लावायची. खायला प्यायला काही द्यायचं नाही, कारण भूल द्यावी लागणार. साधारण चोवीस तासांच्या आत टाके पडावेत असा प्रयत्न असतो, त्यातले पाच तास 'आधी थोडं जेवून घे' यात जाऊ देऊ नका. उलटी होत असेल तर तसं सांगा, उलटीच्या जोराने आतला दाब वाढतो, डॉक्टर त्यावर इंजेक्शन देतात. धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं.

पापणी किंवा भुवईवर साधा मुका मार असेल, डोळ्याला काही झालेलं नाही हे तपासून झालं असेल, तर गालाच्या हाडावर फडक्यात गुंडाळून बर्फ हलका ठेवायला हरकत नाही, सूज कमी होते. पण तपासून झाल्यावर, आणि दाबून कधीच नाही.

लोहचुंबकाचा उपाय वाचून मला खरंच धक्का बसला. ऑपरेशन थिएटरमध्ये पडद्याचे सर्जन मॅग्नेट वापरतात, हे खरं आहे, ते मायक्रोस्कोपखाली, कण नेमका कुठे आहे हे सीटी स्कॅनवर बघून. घरात जुन्या स्पीकरचा चुंबक फिरवला तर आतला कण कुठल्या दिशेने काय कापत येईल यावर कोणाचाही ताबा नाही. आणि मुळात जो कण दिसतो त्यापेक्षा न दिसणारा जास्त वाईट. छिन्नी-हातोडा, ग्राइंडर, कुदळ दगडावर आपटणं, यात लोखंडाचा कण इतक्या वेगाने उडतो की डोळ्याला बारीक भोक पाडून आत जातो आणि भोक मिटल्यासारखं होतं. "टचकन काहीतरी लागलं, मग काही नाही" असं माणूस सांगतो आणि परत कामाला लागतो. लोखंड आत गंजतं आणि महिन्या-वर्षांनी पडदा निकामी करतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे ॲक्रिलिकचे तुकडे राहिले तरी डोळा चिडला नाही, हे बघून तिथले नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांना मोतीबिंदूनंतर कृत्रिम लेन्स बसवायची कल्पना सुचली, पण ते ॲक्रिलिकचं, लोखंड-तांब्याचं नाही. त्यामुळे धातूवर धातू मारताना काही लागलं असेल तर डोळा चांगला दिसत असला तरी तपासणी हवीच, आणि एमआरआयला कोणी पाठवलं तर आधी हे सांगा, कारण तिथला प्रचंड चुंबक आतला कण हलवू शकतो. नुसती धूळ, चिलटं, पापणीचा केस असेल तर पाण्याने धुवा, उघडझाप करा, निघून जातं. घुसलेलं काही असेल, काटा, तार, काच, तर ते तसंच ठेवून वर कप लावून या.

चौथा मुद्दा वाचून मात्र संताप होतो. "दिसतंय म्हणजे सुरक्षित." अहो, दोन्ही डोळे उघडे ठेवून दिसणारच, दुसरा डोळा आहे ना! पतौडींच्या मोटारीला १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये होव्हला अपघात झाला, काच उडून उजव्या डोळ्याची नजर गेली आणि तरी ते त्याच वर्षी कसोटी खेळले, हे सगळं खरं. पण त्यातून निघतं ते इतकंच की मेंदू एका डोळ्यावर भागवून घेतो. म्हणजे आपल्या पोराचा एक डोळा अधू झालाय हे कोणाच्याही लक्षात न येता तो गल्लीत खेळत राहील, शाळेत जाईल.

म्हणून केमिकल गेलेलं सोडून बाकी कुठल्याही माराला पहिली तपासणी ही: प्रत्येक डोळा वेगळा. चांगला डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी नाही, बोटांच्या फटीतून पोरं बघतात. चष्मा असेल तर लावून. समोर भिंतीवरचं कॅलेंडर, मोठे आकडे दिसतात का, बारीक अक्षरं दिसतात का, मग दुसऱ्या डोळ्याने तेच. आकडे दिसत नसतील तर बोटं मोजायला लावा, तीही नाही तर हात हललेला कळतो का, तोही नाही तर टॉर्चचा उजेड. अगदी लहान बाळ असेल तर एक एक डोळा हलकेच झाका. चांगला डोळा झाकला की ते चिडून हात ढकलतं, अधू डोळा झाकला तर त्याला काही फरक पडत नाही. जे काही आढळलं ते वेळ घालून कागदावर लिहा आणि आम्हाला द्या. हे मी वेळ जावा म्हणून सांगत नाहीये. अमेरिका आणि हंगेरीतल्या अडीच हजारांहून जास्त डोळ्यांच्या जखमांच्या नोंदी तपासून नेत्रतज्ज्ञ फेरेन्क कुन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक गुणपद्धत मांडली, जखमी डोळ्याची पुढे किती नजर राहील ते सांगणारी. शंभराहून जास्त गोष्टी तपासून त्यांनी सहा ठेवल्या, आणि त्यात सगळ्यात जास्त वजन आहे ते मार लागल्यावर पहिल्यांदा मोजलेल्या नजरेला. ती पहिली नजर दवाखान्यात पोचेपर्यंत सुजेमुळे मोजता येत नाही कधी कधी, म्हणून घरची नोंद कामाची.

आणि दुखत नाही याचा तर काही उपयोगच नाही. पडद्याला वेदना कळत नाहीत. गणपतीच्या मिरवणुकीत लेझरकडे बघून पडद्याला इजा झालेल्या तरुणांच्या बातम्या आपल्याकडे कोल्हापूर, पुण्याकडून आल्यात, त्यांचा डोळा ना लाल होता ना दुखत होता, नुसता मधोमध डाग दिसत होता. माराने पडदा सुटायला लागला तरी दुखत नाही, विजा चमकल्यासारखं दिसतं, काळे ठिपके तरंगतात, एका बाजूने सावली सरकत येते. हे आठवड्यांनी, महिन्यांनीही होऊ शकतं.

पाचवा, लाल डोळा. इथे अर्धा मुद्दा मान्य. खोकल्याने, शिंकेने पांढऱ्या भागावर लाल डाग आला, नजर ठीक, दुखत नाही, तर तो एक-दोन आठवड्यांत जातो. पण मार लागून आलेला लाल डाग आणि हा, दोन्ही एक नाहीत. मार लागल्यावर टॉर्च घेऊन बुबुळाकडे बघा. बसलेल्या माणसाच्या बुबुळाच्या खालच्या भागात, बाहुलीच्या पुढे, लालसर थर साचलाय आणि वरची कड आडवी सरळ दिसतेय, तर रक्त डोळ्याच्या आत आहे. त्याला झोपवताना डोकं उंच ठेवा, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, दुखलं तर पॅरासिटामॉल. पहिले पाच दिवस जास्त जपायचे कारण पुन्हा रक्तस्राव होतो तो साधारण त्या काळात. आणि विदर्भ, गडचिरोली, नंदुरबारकडच्या लोकांनी हे खास लक्षात ठेवा: घरात सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल, नुसता वाहक असला तरी, पहिल्याच वाक्यात सांगा. बुबुळामागच्या पोकळीतल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, तिथे ह्या रुग्णांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, ते पाणी बाहेर जाण्याची निचऱ्याची जाळी तुंबते, डोळ्यातला दाब चढतो, आणि ह्या रुग्णांची डोळ्याची नस कमी दाबालाही दुखावते. दाब उतरवायची काही नेहमीची औषधंही त्यांना जपून द्यावी लागतात.

लहान मुलांचं अजून एक. बॉल किंवा कोपर लागलं, डोळा पांढरा स्वच्छ, सूज नाही, पण पोरगं उलट्या करतंय, मरगळलंय आणि वर बघायला सांगितलं की एक डोळा वर जात नाही. सगळे डोक्याला मार म्हणून बघत बसतात. खोबणीचं खालचं हाड चिरून त्या फटीत डोळा हलवणारा स्नायू अडकलेला असू शकतो, आणि तो लवकर सोडवला नाही तर कायमचा निकामी होतो.

सहावा, दूध, मध, गुलाबपाणी. लोक म्हणतात आम्हाला गुण आला. आला असेल. कॉर्नियाच्या वरच्या थरावरचा साधा ओरखडा एक ते तीन दिवसांत आपोआप भरतो, वेल्डिंगचा त्रासही एक-दोन दिवसांत उतरतो, मग जे काही घातलं असेल त्याला श्रेय जातं. प्रश्न आहे तो न भरणाऱ्या ओरखड्याचा. उसाचं पाचट, भाताचं तूस, ज्वारीचं पान, तुरीची काडी लागली की सोबत बुरशी येते, आणि वर मध किंवा दूध घातलं की जंतूंची सोय होते. फूल पडतं, म्हणजे कॉर्निया पांढरा होतो. नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात हे फार चांगलं तपासलंय, २००१ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीत छापून आलंय. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी डोळ्याला ओरखडा गेलेल्या चारशेहून जास्त लोकांना साधं क्लोरॅमफेनिकॉलचं (अँटिबायोटिक) मलम तीन दिवस दिलं. मार लागल्यापासून अठरा तासांच्या आत ज्यांना मिळालं त्यातल्या एकालाही जखम चिघळून अल्सर झाला नाही. उशिरा आलेल्यांत झाला. साधं स्वस्त मलम, फक्त वेळेवर, आणि कोणीतरी डोळा नीट बघून दिलेलं. म्हणून तुमच्या गावातल्या आरोग्य केंद्रात त्याच दिवशी जा, तेवढंच.

उरला सातवा, दोन दिवस वाट बघा आणि मेडिकलचे थेंब. लाली घालवणाऱ्या थेंबांपैकी कितीतरी स्टेरॉइडचे असतात. डोळा पांढरा दिसतो, माणूस खूश, आणि आत बुरशी फोफावते. वेल्डरांना कोणी बधिर करायचे थेंब दिले तर तेही घरी वापरायचे नाहीत, त्याने कॉर्निया विरघळेपर्यंत वेळ येते. वाट बघण्याबद्दल एवढंच सांगते की लुई ब्रेल १८१२ मध्ये तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यात चामडं टोचायची अरी एका डोळ्यात लागली आणि पाच वर्षांचा होईपर्यंत दुसराही गेला. उघड्या जखमेनंतर शरीराची प्रतिकारशक्ती न लागलेल्या डोळ्यावर उलटू शकते, बहुतेक वेळा दोन आठवडे ते तीन महिन्यांत. त्या काळी औषध नव्हतं. आज आहे, म्हणून जखमी डोळ्यावर उपचार चालू असताना चांगला डोळा धूसर किंवा लाल झाला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी यायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

आणि ज्यांना पूर्वी कधी बॉल, गुद्दा, रबरी गोळी लागून डोळ्यात रक्त साचलं होतं आणि नंतर सगळं छान झालं, त्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा दाब मोजून घ्या. डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होतो तो कोपरा माराने फाटलेला असेल तर काचबिंदू दहा-वीस वर्षांनीही येतो. तपासायला आलात की जुना मार लागल्याचं आपणहून सांगा, कारण तो कोपरा वेगळी लेन्स लावल्याशिवाय दिसत नाही आणि कोणी सांगितलं नाही तर तिथे बघितलं जात नाही.